तीस ग्रॅम कमी

अल्पाका नावाचं जनावर मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. फोटो पाहिला. उंटाचा चुलतभाऊ आहे, असं आमच्या बायांना सांगितलं तर एकजण म्हणाली, "माय वं! याच्या अंगावर तं आपल्याहून चांगला स्वेटर हाये." त्याची लोकर मऊ, हलकी आणि भलती महाग. ती समुद्रापलीकडून नागपुरात जरीपटका वस्तीजवळच्या आमच्या हॉलमध्ये यायची, आम्ही विणायचो आणि स्वेटर पुन्हा समुद्रापलीकडे जायचे. तिकडची थंडी गाठायची तर विणकाम एप्रिल-मेमध्येच करावं लागे. नागपूरच्या मे महिन्यात मांडीवर लोकर घेऊन बसणं काय असतं, ते हौस असेल त्यानं करून पाहावं.

निवृत्तीनंतर मी या गटाची देखरेख अंगावर घेतली होती. बाया दहा-बारा. माल घेणारी परदेशी कंपनी न्यायाच्या बाबतीत फार काटेकोर. विणणारीला योग्य मोबदला, सन्मानाची वागणूक, घरी अडचण असेल तर घरून काम करण्याची मुभा, असं सगळं लिहिलेला कागद तिनं पाठवला होता. मी स्वतः त्याला लॅमिनेशन करून भिंतीवर लावला. आपण एका चांगल्या कामात आहोत, याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

पद्धत साधी होती. लोकर वजन करून द्यायची. परत घेताना स्वेटर, उरलेला गुंडा आणि कातरलेले धागे एकत्र काट्यावर ठेवायचे. दोन्ही आकडे जुळायला हवेत, चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे चालतील. काटा माझ्या टेबलावर असे. माझा जन्म कचेरीत गेला, त्यामुळे आकडा जुळला नाही की माझं डोकं फिरतं.

बाया हॉलमध्ये बसून विणायच्या. तिथे दोन मोठे कूलर होते. एकच बाई लोकर घरी न्यायची. सासू अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून येता येत नव्हतं. घर पत्र्याचं, खोली एक, पंखा एक. हात मात्र असा की तिची वीण उलटून-पालटून पाहिली तरी खोट सापडू नये. घर तिच्या याच कामावर चालत होतं.

तिचा पहिला स्वेटर तीस ग्रॅम कमी भरला. मी आकडा वहीत लिहून घेतला, पण डोक्यात किडा वळवळला. दुसराही जवळपास तेवढाच कमी. मग मी सगळ्यांसमोर विचारलं, "लोकर कुठे गेली वं?"

"मले काय माहीत, मॅडम? जेवढी देली तेवढी विणली."

"मग हवेत उडाली का?"

कुणीतरी मागून म्हणालं, तिच्या नातीच्या डोक्यावर परवा नवी विणलेली टोपी पाहिली. एवढं मला पुरलं. मी म्हटलं, पिशवी दाखव. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पिशवी टेबलावर उपडी केली. सासूची औषधं, एक रिकामा डबा, चष्म्याचं घर. लोकरीचा धागासुद्धा नव्हता. मी म्हटलं, "बरं, ठीक आहे." जणू मीच तिच्यावर मेहरबानी करत होते. तिनं एकेक वस्तू पुन्हा आत भरली, विणकामाच्या सुया माझ्यापुढे ठेवल्या आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही नाही. तिचे दोन स्वेटर, उरलेल्या गुंड्या-धाग्यांसकट, चौकशीसाठी म्हणून मी रॅकवर वेगळे काढून ठेवले.

दोनेक आठवड्यांनी हॉलच्या दोन्ही कूलरना पाणी चढवणारी टाकी फुटली. नळाला धार नाही, दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो करत राहिला. चार दिवस आम्ही नुसत्या पंख्याखाली भाजून निघालो. त्याच दिवसांत आमच्या कॉलनीतल्या एका बाईंनी स्वेटर पूर्ण केला. शाळेतून निवृत्त झालेल्या, वेळ जावा म्हणून विणायला येणाऱ्या. त्यांचा स्वेटर काट्यावर ठेवला. अठ्ठावीस ग्रॅम कमी!

मी म्हटलं, "हा काटा बिघडला वाटतं." कोपऱ्यावरच्या दुकानातून किलोचा मिठाचा पुडा आणून ठेवला. काटा बरोबर होता. मग दुसऱ्या बाईचा स्वेटर ठेवला, तोही कमी. तिसऱ्या बाईचाही.

कंपनीच्या दिल्लीतल्या माणसाला फोन लावला. तो सहज म्हणाला, "लोकर हवेतली ओल पिते, मॅडम. कोरड्या हवेत हलकी होणारच. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" नव्हतं सांगितलं. लोकर आम्ही कूलरच्या दमट हवेत तोलून द्यायचो आणि ती बाई पत्र्याखाली विणून ती वाळलेली परत आणायची. टाकी दुरुस्त झाली, कूलर सुरू झाले. चौथ्या दिवशी मी रॅकवरचे तिचे दोन्ही स्वेटर गुंड्या-धाग्यांसकट तोलले. आकडे जुळले. चोरी तर सोडाच, त्या बाईनं कातरलेला बारीकसा धागाही परत आणून दिला होता. मला माझीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. तो कुणावर काढावा ते कळेना.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती सासूला भरवत होती. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. कूलर, टाकी, शिक्षिका बाईंचा स्वेटर, मीठ, दिल्लीचा फोन, काहीही लपवलं नाही. म्हटलं, "चूक माझी आहे. उद्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगते. तू कामावर ये."

तिनं सासूचं तोंड पुसलं, पातेलं बाजूला ठेवलं. आवाज चढवला नाही.

"मॅडम, त्या शाळेच्या बाईचं वजन कमी भरलं, तवा तुमी त्याहिची पिशवी पाह्यली काय?"

"नाही," मी म्हटलं.

"काहून?"

खरं तर त्यांची पिशवी पाहावी, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.