डाव्या हाताची कात्री

माझ्या टेबलाच्या खणात एक कात्री आहे. मला ती चालवता येत नाही. कापड तिच्या पात्यांत नुसतं दुमडतं, कारण ती डाव्या हाताची आहे. माझ्या आत्याची.

आत्या पक्की डावखुरी. लहान मुलांच्या कपड्यांच्या एका दुकानात, माडीवरच्या खोलीत ती तीस वर्षं कपडे बेतायची. मालक खाली गिऱ्हाइकांशी गोड बोलायला, आत्या वर कापायला. शाळा सुटली की मी दप्तरासकट जिना चढायचे. लांबलचक टेबल, खिडकीतून येणारं ऊन, गरम इस्त्रीचा वास आणि जमिनीवर चिंध्यांचा ढीग. त्या ढिगात बसून मी पाढे म्हणायचे आणि आत्या तोंडात टाचण्या धरून ऐकायची. चुकलं की टाचण्यांमधूनच "हं?" करायची. तसं सुख मला पुन्हा कुठल्याच खोलीत मिळालं नाही.

ही कात्री तिने धार लावणाऱ्याच्या हात धुऊन मागे लागून बनवून घेतली होती.

"बाई, सगळं जग उजव्या हाताने कापतं," तो कुरकुरला.

"कापू दे की. मी जगाचं कापड कापत नाही."

मी सात वर्षांची असताना सटासट उंच व्हायला लागले. चार महिन्यांत फ्रॉक आखूड. आई वैतागून गेली. मग एका दुपारी आत्याने निळ्या कापडाचा फ्रॉक बेतला आणि घेराच्या आत तीन दुमडी घातल्या. एक दुमड उसवली की फ्रॉक चार बोटं लांब. तीन वर्षं मी तो मिरवला. त्यात खोट एकच होती. खिसा डावीकडे होता. आत्याने तो आपल्या हाताच्या सवयीने लावला. भाची उजव्या हाताची आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मालकांनी मला जिन्यात गाठलं, घेर उलटा करून दुमडी मोजल्या आणि "वा!" म्हणाले. महिन्याभरात दुकानाच्या काचेत पाटी लागली: 'वाढता फ्रॉक. आमच्या मालकांची खास कल्पना.' कल्पना खिशासकट उचलली होती. मग काय, गावातल्या निम्म्या मुली उजवा हात पोटावरून आडवा नेऊन रुमाल काढायला लागल्या. असं का, हे कुणी विचारलं नाही.

आत्याने एकदाच विषय काढला. मी तिथेच होते.

"पाटीवर खाली बारीक अक्षरांत माझं नाव घातलंत तर?"

मालक हसले. "अहो बाई, जागा कुठे आहे तिथे?"

पुढे पाटी दुप्पट रुंद होऊन दारावर चढली, पण जागा काही झाली नाही. त्या पाटीखालून जाताना आत्या दर वेळी मान वर करून बघायची, आणि ते मला अजून आठवतं.

डोळे अधू झाले तसं तिने काम सोडलं. कात्री दुकानातल्या टेबलाच्या खणात राहून गेली. दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा उत्तर एकच, "सापडत नाही."

दुकानाला पन्नास वर्षं झाली तेव्हा आम्हा दोघींना बोलावणं आलं. दारातच काचेच्या पेटीत, मखमलीवर, कात्री! खाली चिठ्ठी: 'याच कात्रीने मालकांनी पहिला वाढता फ्रॉक बेतला.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याने माझं मनगट दाबलं.

मालकांच्या मुलाने भाषण ठोकलं. बाबांनी खिसा मुद्दाम डावीकडे ठेवला म्हणे, हृदयाच्या बाजूला! टाळ्या पडल्या. मग थकलेल्या मालकांच्या हातात तीच कात्री देऊन त्यांना फीत कापायला उभं केलं. फीत दुमडली. पुन्हा दुमडली. मुलाने हात लावून पाहिला, तरी तेच. "धार गेलीय," कुणीतरी म्हणालं.

आत्या उठली. तिने कात्री डाव्या हातात घेतली आणि एका झटक्यात फीत कापली.

मालक अगदी हळू म्हणाले, "फ्रॉक तुमचाच होता हो, बाई."

हे ऐकण्यासाठी ती किती वर्षं थांबली होती!

"मोठ्याने म्हणा," ती म्हणाली. "माइक समोरच आहे."

मालकांनी माइककडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

आत्याने कात्री रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली.

"अहो, ती दुकानाची आहे!" मुलगा पुढे आला.

"मग कापून दाखव," आत्या म्हणाली.

आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत मी नुसती हसत होते. "काय जिरवलीस गं त्याची!"

"नाव राहिलंच की गं," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात, पिशवी छातीशी धरून, रडायला लागली.