विक्रोळीत पुन्हा आखलेला तक्ता

निघताना माझ्या वहीत सामानाची यादी होती: तक्ता, शाई, टाक, सुषमाचा गणवेश आणि तिच्या काकांसाठी आगळाची (कोकमाचा खारवलेला रस) बाटली. बाटलीचं बूच तपासायचं मात्र लिहिलं नव्हतं. कणकवलीची एसटी सकाळी चेंबूरला पोचली, तेव्हा गुंडाळलेला तक्ता लालभडक झाला होता.

सुषमा आमच्या शाळेत नववीला. बदलते कारखाने आणि त्यांना लागणारी कामं, असा विद्यार्थी-संशोधन स्पर्धेचा विषय होता. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांची माहिती तिने घरोघर फिरून गोळा केली. रकाने माझे: कुशल, अर्धकुशल, अकुशल. स्पर्धा दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या एका शाळेत होती, पण तक्ता आजच पाचपर्यंत द्यायचा होता.

विक्रोळीला तिच्या वामनकाकांच्या चाळीत उतरलो. गॅलरीतून कारखान्यांची धुराडी दिसत होती, हायवेपलीकडे तिवरांची हिरवी पट्टी. काका गिरणीत साचे (कापड विणायचे माग) चालवत. गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्याच्या गेटवर रखवालदार झाले. रात्रपाळी करून नुकतेच आले होते. काकूंनी भाकरी आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. जेवताना काकांनी दोनदा विचारलं, परीक्षक कारखान्यांतलेच ना, आणि तक्त्यावर नावं असतात ना. गेटवरून आत मशीनवर कुणी घेतलं तर त्यांना हवं होतं. खुंटीवर इस्त्रीचा शर्ट तयार होता.

झोप सोडून ते नव्या कागदापाशी बसले. माझी पट्टी आखूड पडत होती. त्यांनी दोरा निळीत भिजवून ताणला आणि टिचकी मारली. कागदभर सरळ रेघ उमटली. मी वहीतून नावं सांगत होते, सुषमा लिहीत होती. तिसऱ्या रकान्यात मी वामनकाकांचं नाव सांगितलं आणि तिचा टाक थांबला.

"लिही गो, थांबलंस कित्याक (कशाला)?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, चार साचे एकटा सांभाळायचो. धागा तुटायच्या आधी आवाजावरून कळायचं. तरी ह्यातच?"

प्रमाणपत्र नसलेले सगळे ह्याच रकान्यात, नियम सगळ्यांना एकच, असं मी सांगितलं.

"गिरणीने कागद कुणालाच दिला नाय."

साडेतीन वाजले होते. मी पुढचं नाव सांगितलं. त्यांनी पुढच्या रेघेसाठी दोरा ताणला.

दुसऱ्या दिवशी शर्ट खुंटीवरच राहिला. तुम्ही व्हा पुढे, मला झोप येतेय, असं काका म्हणाले.

मुलुंडला एका कारखान्याच्या साहेबांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "ह्यांना कोण घेणार? पहिल्यापासून शिकवावं लागेल." मग तक्त्यापासून जरा मागे सरून म्हणाले, "आखणी मात्र सुंदर आहे हां."

सुषमा माझ्याकडे बघत राहिली. आखणी कुणाची, एवढं तरी मी सांगायला हवं होतं. मी वहीत 'परीक्षण' या शब्दापुढे खूण केली.

दुसरा नंबर आला. चेंबूरला निरोप द्यायला काका रखवालदाराच्या गणवेशात आले होते. "नंबर आला ना? झकास," म्हणाले आणि वडापावची पुडी सुषमाच्या हातात दिली. तिसऱ्या रकान्याचं काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही. परतीच्या एसटीत सुषमा माझ्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसली.

गावी आल्यावर मी नवा तक्ता केला. दोरा निळीत भिजवून पाहिला, रेघा वाकड्याच आल्या. पहिल्या रकान्यात पहिलं नाव वामनकाकांचं लिहिलं. तक्ता शाळेच्या भिंतीवर आहे, येणारा-जाणारा वाचतो. कारखान्याचं कुणी आमच्या गावात येत नाही.