समोरच्या काकांनी ठेवून घेतलेली फाइल

आमच्या समोरच्या काकांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्या खेपेला पास केलेली नाही. ब्रह्मदेवाने नवी कोरी सृष्टी त्यांच्यापुढे ठेवली असती, तरी डाव्या बाजूला समास कमी सोडलाय म्हणून त्यांनी ती परत पाठवली असती. नाशिक रोडच्या छापखान्यात नोटांचे कागद तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. नोकरी संपली, तपासणी नाही. पोळी ताटात पडली की आधी उलटसुलट करून बघणार, मग तुकडा मोडणार. सख्ख्या मुलीची लग्नपत्रिका त्यांनी छापणाऱ्याला चार वेळा परत केली आणि पाहुण्यांच्या हातात ती हळदीच्या दिवशी पडली. काकू अजून त्या छापणाऱ्याच्या दुकानावरून जाताना मान खाली घालतात.

तरी आमच्या कॉलनीत कुणाचाही अर्ज काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुठे जात नाही. पासपोर्ट असो, पेन्शन असो, ते लाल पेन्सिल घेऊन बसतात. तपासून झालं की पाकीटही स्वतः चिकटवतात आणि स्वतःच स्पीड पोस्टाने टाकून येतात, कारण डिंक नीट लावणारा माणूस त्यांना अजून भेटायचा आहे.

मला तौलनिक साहित्यात एम.ए. करायचं होतं. घरी महाभारत झालं. शेवटी बाबा म्हणाले, हे एकच वर्ष. नंबर लागला तर जा, नाहीतर मुकाट्याने बी.एड. कर. काकांना तर या विषयाचं हसूच आलं. "तुलना शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या कॉलनीतल्या बायका दिवसभर तेच करतात." मी नुसते दात-ओठ खाल्ले. आईची अहिराणी अंगाईगीतं आणि खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंची अंगाईगीतं, यांवर मी निबंध लिहिला होता. दोन महिने त्या दोघींच्या मागे वही घेऊन फिरले होते. सही केलेला निबंध आणि मार्कशीटच्या प्रती टपालाने पोचायला हव्या होत्या. फाइल रीतीप्रमाणे काकांकडे गेली आणि मी निर्धास्त झाले.

मुदत उलटून आठवड्याने विद्यापीठाचा मेल आला. कागदपत्रे न मिळाल्याने अर्ज बाद.

मी चप्पलही न घालता समोरच्या घरात घुसले. फाइल त्यांच्या टेबलावर होती. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही; काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि तशाच आत गेल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"सात वेळा वाचला," ते म्हणाले. "एकही चूक सापडेना. असं होत नसतं गं. मला वाटलं, माझीच नजर कमी पडतेय. म्हणून ठेवून घेतला."

म्हणजे चूक नव्हती म्हणून माझं वर्ष गेलं! आजही हे लिहिताना माझं डोकं तापतं. त्याच संध्याकाळी ते बाबांपुढे येऊन उभे राहिले, चूक माझी, पोरीला आणखी एक वर्ष दे म्हणाले. बाबांनी दिलं. माझा राग काही गेला नाही. मी सहा महिने त्यांच्याशी बोलले नाही. त्या दिवसापासून त्यांनी कुणाचाच कागद हातात घेतला नाही. लोक येत, ते चष्मा सापडत नाही म्हणत. चष्मा नाकावरच असे.

यंदा पुन्हा अर्ज निघाले. मी फाइल घेऊन गेले, त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी उघडली नाही. "नको. तूच चिकटव," म्हणाले. मग मी त्यांच्याच टेबलावर पाकीट चिकटवलं. मुद्दाम वाकडं चिकटवलं. डिंक बाहेर आला, तिकडे त्यांचा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि मागे आला.

"बघा ना काका, नीट झालंय का?"

त्यांनी पाकिटाकडे बराच वेळ पाहिलं.

"बरोबर आहे," म्हणाले.

मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की पोस्टात पोचेपर्यंत मी रस्ताभर रडत होते.