कन्नौदच्या ॲम्ब्युलन्सचा जीपीएस

टेबलावर तीन डबे उघडून ठेवले होते आणि आबासाहेब तिसऱ्याच्या स्क्रीनवरचं प्लास्टिक सोलत होते.

मी म्हटलं, "आबासाहेब, ते सोललं की दुकानदार परत घेणार नाही."

"परत द्यायचंय कशाला?" ते म्हणाले.

म्हणजे निवड झालीच होती. ट्रायल फक्त व्हायची राहिली होती.

आबासाहेब आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी. ट्रस्टचं देवासला एक लहान हॉस्पिटल आहे आणि कन्नौदला एक सेंटर. त्यांचे आजोबा इथल्या दरबारात कारभारी होते, आणि माझे पणजोबा त्याच दरबाराच्या तबेल्यात घोडे राखायचे. मी गाड्या राखल्या. आधी वर्कशॉपमध्ये, मग या हॉस्पिटलात ट्रान्सपोर्ट इन्चार्ज म्हणून. आबासाहेब माणूस वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. पुढे वाचून तुम्ही त्यांच्यावर चिडाल, आणि ते काही बरोबर होणार नाही.

प्रश्न असा होता. कन्नौदला आमची एक ॲम्ब्युलन्स उभी असते. तिचे ड्रायव्हर भेरूलालजी त्या महिन्यात रिटायर होत होते. त्यांना त्या बाजूचं एकेक गाव, एकेक पाणंद पाठ. त्यांच्या जागी राकेश आला. इंदूरला टॅक्सी चालवलेला, स्टिअरिंगवर हात एकदम साफ, पण कन्नौदच्या पलीकडचं काही बघितलेलं नाही. म्हणून गाडीला जीपीएस घ्यायचं ठरलं.

आता हे जीपीएस म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगतो, कारण शिकलेले लोकही इथं गोंधळ करतात. वरचा उपग्रह तुम्हाला एवढंच कळवतो की तुम्ही कुठं आहात. त्याला इंटरनेट लागत नाही. रस्ता कुठं आहे, हे सांगतो नकाशा. तो नकाशा डब्याच्या पोटात आधीपासून भरलेला आहे की चालता चालता मोबाइलच्या नेटवर्कवरून येतोय, हा खरा प्रश्न. बाकी स्क्रीन मोठी की लहान, बाई गोड बोलते की नाही, ही सगळी दुकानदारी.

पहिला पर्याय म्हणजे स्टँडला लावलेला साधा फोन. दुसरा हातभर लांबूनही नीट न दिसणारा छोटा डबा, जुन्या फॅशनचा, पण नकाशे पोटात. तिसरी दहा इंची स्क्रीन, सिमकार्डवाली, रिव्हर्स कॅमेऱ्यासकट. तिला नेटवर्क लागायचं. दुसरा घ्यावा, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं.

"ट्रायल घेऊ," मी म्हटलं.

"घेऊ की. रविवारी मला धारला जायचंय, भाच्याचा साखरपुडा आहे. तुम्हीही चला. दोन्ही कामं होतील."

ॲम्ब्युलन्स साखरपुड्याला नेणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिन्ही यंत्रं त्यांच्या कारमध्ये लावली. देवासहून इंदूर, इंदूरहून धार. रस्ता इतका सरळ की झोपेतही कुणी चुकणार नाही. नेटवर्क पूर्ण. तिन्ही यंत्रं एकामागून एक तेच बोलायची, "आगे दाएँ मुड़ें," आणि आबासाहेब प्रत्येक वेळी हसायचे. धारला मठ्ठा-जिलबी झाली, व्याह्यांना स्क्रीन दाखवून झाली, आणि आम्ही संध्याकाळच्या आत घरी.

परत येताना मी एकदा तोंड उघडलं. "एकदा कन्नौदच्या पलीकडे नेऊन बघूया. तिकडे जंगल आहे, नेटवर्क जातं."

"अहो जाधव, उपग्रह काय धार बघून वर चढलाय? शितावरून भाताची परीक्षा होते."

शीत दुसऱ्याच पातेल्यातलं होतं. हे मला तेव्हाही सुचलं होतं. पण मला तीन महिन्यांनी साठ पूर्ण होणार होती, आणि एक वर्षाच्या मुदतवाढीचा माझा अर्ज आबासाहेबांच्या खणात पडून होता. मी मिठाची गुळणी धरली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहिला, 'तिन्ही उपकरणांची ट्रायल घेतली. तिसरे उपकरण समाधानकारक.' खाली सही केली. एक शब्दही त्यात खोटा नव्हता.

भेरूलालजी शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे आले. टोपी हातात.

"साब, राकेश के साथ मेरे को दो दिन दे दो. सब रपट बता दूँगा. कौन-सी डूबती है, कौन-सी नी डूबती."

रपट म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल. पाणी वाढलं की त्याच्या वरून वाहतं. त्या भागात पावलोपावली रपटी आहेत, आणि कुठली किती पावसात बुडते, हे कुठल्याच नकाशात नसतं.

मी म्हटलं, "भेरूलालजी, अब मशीन आ गई है. आप आराम करो."

दोन दिवस गाडी नुसती फिरवायची म्हणजे आबासाहेबांची परवानगी काढावी लागली असती. मी विचारलंच नाही. भेरूलालजींनी मान हलवली, हार घातला तेव्हा फोटोसाठी हसले, आणि घरी गेले.

पुढचे दोन महिने सगळं छान चाललं. पेशंट बहुतेक हायवेलगतच्या गावांचे. राकेश खूश, स्क्रीन खूश. मला वाटायला लागलं, आपण उगाच शंकेखोर आहोत.

मग ती दुपार आली. गणपती उठले होते तरी पाऊस हटत नव्हता. अडीचच्या सुमारास देवासला माझ्या खोलीतला इमर्जन्सीचा फोन वाजला. कन्नौदच्या पलीकडच्या एका गावातून मांगीलाल नावाचा शेतकरी बोलत होता. घरीच बाळंतपण झालं होतं. मुलगी झाली, बाळ ठीक होतं, पण बायकोचा रक्तस्राव थांबत नव्हता. गावाचं नाव इथं लिहीत नाही.

मी राकेशला फोन लावला. तो सिस्टरला घेऊन लगेच निघाला. "साब, बाईस किलोमीटर है. चालीस मिनट दिखा रहा है."

मी मांगीलालला फोन केला. "गाड़ी निकल गई है. चालीस मिनट में पहुँचेगी."

"साब, मेरे पास ट्रॅक्टर है. ट्रॉली में गद्दा डाल के निकलूँ क्या?"

"नहीं, नहीं. हिलाओ मत. गाड़ी में सब है, सिस्टर भी है. तुम वहीं रुको."

हे मी बोललो. ठामपणे बोललो. समोर आकडा असला की माणसाचा आवाज ठाम होतो.

चाळीस मिनिटं झाली. राकेशचा फोन लागेना. पन्नास मिनिटांनी मांगीलालचा आला. "साब, गाड़ी नी आई."

"बस, आती ही होगी. हिलाओ मत," मी दुसऱ्यांदा म्हटलं. ते आठवलं की आजही मला माझीच शरम वाटते. गाडी कुठं आहे, याचा मला पत्ता नव्हता.

चारच्या पुढे राकेशचा फोन आला. कुठल्याशा टेकाडावर चढून त्यानं नेटवर्क धरलं होतं. स्क्रीननं त्याला सगळ्यात जवळचा रस्ता दाखवला होता. बरोबरच आहे, ती जवळचाच दाखवते. त्या रस्त्यावर रपट होती आणि रपटीवर कमरेएवढं पाणी. त्यानं गाडी वळवली. आता स्क्रीनला नवा रस्ता शोधायचा होता, आणि त्यासाठी नेटवर्क हवं होतं. ते नव्हतं. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. फाट्यावर विचारायला पावसात माणूस नव्हतं. तो अंदाजानं डावीकडे गेला, आणि पाच-सहा किलोमीटरवर रस्ता एका शेतात संपला.

"साब, अब किधर जाऊँ?" राकेश रडकुंडीला आला होता.

मी भेरूलालजींना फोन लावला. त्या माणसानं कसलाही टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाले, "उसको बोलो वापस डामर पे आए. स्कूल के पीछे से ऊपर वाला रस्ता पकड़े. तेरह किलोमीटर ज्यादा है, पर उस पे पानी नी आता." मी ते राकेशला सांगितलं. दोनदा लाइन तुटली, तिसऱ्यांदा सगळं सांगून झालं.

गाडी पोचली तेव्हा पाच वाजत आले होते. मांगीलालनं तोवर धीर सोडून बायकोला ट्रॉलीत ठेवलं होतं आणि तो निघण्याच्या बेतात होता. तिथून तिला गाडीत घेतलं. कन्नौद यायच्या आधीच ती गेली.

सेंटरच्या डॉक्टरांना मी रात्री फोनवर सरळ विचारलं. ते म्हणाले, "जाधवसाहेब, तासभर आधी आली असती तर वाचवता आली असती. कागदावर मी असं लिहिणार नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो."

आठवड्यानं ट्रस्टची मीटिंग झाली. आबासाहेबांचा चेहरा उतरलेला होता. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. दोन रात्री झोप नाही, असं त्यांच्या सूनबाईही म्हणाल्या. पण मीटिंग म्हणजे मीटिंग. कुणीतरी विचारलं, उपकरण तपासून घेतलं होतं का? माझा रिपोर्ट निघाला. तो सगळ्यांनी हातोहात वाचला. ट्रायल झाली होती, समाधानकारक होती, इन्चार्जची सही होती. रपटीवर पाणी येणं ही दैवी आपत्ती. फाइल बंद.

बाहेर आल्यावर आबासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा कागद होता म्हणून बरं झालं हो, जाधव."

मुदतवाढ त्याच महिन्यात मिळाली. मी ती घेतली. खोटं कशाला बोलू?

मग छोटा डबा आणला. भेरूलालजींना घरून बोलावलं, राकेशला शेजारी बसवलं, आणि आम्ही तिघांनी कन्नौदच्या पलीकडचा सगळा भाग पालथा घातला. प्रत्येक रपटीपाशी थांबून डब्यात खूण केली. दीड दिवसात काम झालं. वरातीमागून घोडं, दुसरं काय. भेरूलालजींनी त्या दीड दिवसात मला एका शब्दानं दुखवलं नाही. दुखवलं असतं तर बरं वाटलं असतं.

दिवाळीच्या आसपास मांगीलाल देवासला आला. मृत्यूच्या दाखल्यासाठी हॉस्पिटलचा एक कागद लागत होता आणि कुणीतरी त्याला माझ्या खोलीत पाठवलं. वय असेल तीस-बत्तीस. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं नाव सांगितलं तसा मी उठून उभा राहिलो. मी खुर्ची दिली, चहा मागवला. मुलगी कशी आहे, विचारलं. आजीकडे असते, शेळीचं दूध पिते, म्हणाला.

कागद खिशात ठेवून तो उठला आणि दारात थांबला.

"साब, एक बात पूछूँ? वो रपट पे जितना पानी था, उतने में ट्रॅक्टर निकल जाता है. मैं कई बार निकला हूँ. मैं तो निकलने ही वाला था." मग म्हणाला, "चालीस मिनट किसने बोला था?"

त्यानं माझा आवाज ओळखला नव्हता.

"मशीन ने," मी म्हटलं.

त्यानं खिशातला कागद पुन्हा चाचपला. मग मान हलवली. "अच्छा, मशीन ने. मैं समझा कोई आदमी ने बोला."

मला हात जोडून तो गेला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण दुसऱ्याला किती सहज म्हणतो. मी मात्र एका माणसाला तोंडावर अंगण वाकडं म्हणून सांगितलं, आणि त्यानं ते ऐकून घेतलं. त्याच्यामागे दारापर्यंत जायला हवं होतं. मी चहाचे कप उचलले.

आता मी पूर्ण रिटायर आहे. ओळखीचे लोक नवी गाडी घेतली की विचारतात, भिया, जीपीएस कोणता बसवू? मी सांगतो, कोणताही बसवा. फक्त ज्या रस्त्यावर अडायची भीती आहे, त्या रस्त्यावर तो आधी नेऊन बघा. आणि तो किती मिनिटं दाखवतो, हे दुसऱ्या कुणाला सांगणार असाल तर आपल्या नावानं सांगा. मग माणूस सांगायच्या आधी थोडा विचार करतो.