मालागातली संकष्टी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात होते तेव्हा एवढी नव्हते. सिंगापूरने मला बिघडवलं. सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटखालची छोटी ट्रेन, एलआरटी, ठरल्या वेळेला येते, आणि मुलगी एकटी क्लासहून परतली तरी माझ्या छातीत धडधडत नाही. अशा ठिकाणी दहा-बारा वर्षं काढली की बाकीचं जग धोक्याचं वाटायला लागतं.

त्यामुळे जूनच्या सुट्टीत स्पेनला जायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने नकाशा उघडला आणि मी काळज्यांची यादी. मालागा नावाचा दक्षिणेकडचा प्रांत, समुद्र, डोंगर, पांढरीशुभ्र गावं आणि वर्षभर ऊन. भाड्याची गाडी घेऊन दहा दिवस मनाला येईल तिकडे जायचं, असा त्याचा बेत. माझ्या यादीत पाकीटमार होते, घाटातली वळणं होती, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची गाडी होती, आणि सगळ्यांत वर सासूबाई होत्या.

सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांना मधुमेह आहे. सकाळची साखरेची गोळी मी त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि त्या गिळेपर्यंत समोरून हलायची नाही, हा आमच्या घरचा नियम. सिंगापुरातल्या आमच्या तोआ पायोहच्या डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा बजावली होती. उपासाच्या दिवशी ही गोळी अजिबात द्यायची नाही, पोट रिकामं असताना साखर धोकादायक उतरते. मी ते लिहून घेतलं. औषधांची नावं, तिथला इमर्जन्सी नंबर, सगळं एका कागदावर घालून तो लॅमिनेटही केला. चार प्रती काढल्या.

"ममा, यू वरी टू मच लाह," माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली.

पहिले चार दिवस मी डोळे मिटून स्पेन पाहिला. समुद्राच्या कडेने रस्ता जायचा, डावीकडे डोंगर, उजवीकडे सरळ खाली निळं पाणी, आणि कठड्याच्या बाजूला नेमकी मी बसलेली. किनाऱ्यावर मुलगी लाटेत शिरली की मी काठावरून तिच्या टोपीवर नजर रोवून उभी. ऑलिव्हच्या टेकड्या मैलोन्‌मैल पसरलेल्या, वाटेत चिटपाखरू नाही. नवरा म्हणायचा, काय शांतता आहे! मला वाटायचं, इथे गाडी बंद पडली तर? सासूबाई मात्र मागच्या सीटवर मजेत. ऑलिव्हचं झाड बोरीसारखं दिसतं का आवळ्यासारखं, यावर नातीशी वाद घालत होत्या.

चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी पर्समधून घरच्या कॅलेंडरचं फाडून आणलेलं जूनचं पान काढलं. "उद्या संकष्टी आहे. इथला चंद्रोदय बघ रे जरा."

नवऱ्याने फोनमध्ये पाहिलं. इथे उन्हाळ्यात सूर्यच पावणेदहाला मावळतो. चंद्र रात्री साडेबाराला.

"साडेबारा?" माझा आवाज चढला. "आई, मुळीच नाही. दिवसभर उन्हात फिरायचं, चढ चढायचे, आणि मध्यरात्रीपर्यंत उपाशी? आम्हाला सुट्टी आहे की नाही? ही संकष्टी सोडा. पुढच्या महिन्यात घरी करा."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पान घडी करून ठेवलं. त्या इतक्या सहज कधी ऐकत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी जिंकल्याच्या आनंदात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी गोळी दिली. उपास नव्हता ना. त्यांनी माझ्यासमोर गिळली. टोस्ट आणि टोमॅटो त्यांच्या ताटलीत वाढून मी बॅग भरायला गेले. परत आले तेव्हा ताटली रिकामी होती.

आम्ही फ्रिहिलियाना नावाच्या गावी गेलो. डोंगराच्या अंगावर वसलेलं, भिंती डोळे दिपतील इतक्या पांढऱ्या, गल्ल्या म्हणजे नुसत्या गोट्यांच्या पायऱ्या. एका दुकानात बाटल्यांतून दाट काळसर पाक विकायला होता. उसाचा मध, दुकानदार म्हणाला.

"अगं, ही तर काकवी!" सासूबाई हरखून गेल्या. त्या मूळच्या कोल्हापूरच्या. त्याने चमच्यावर चव द्यायला काढली तर मात्र म्हणाल्या, "मला नको आत्ता." मी एक बाटली घेऊन खांद्यावरच्या पिशवीत टाकली.

दुपारी अडीचला त्या दमल्या म्हणाल्या. गाडी खाली गावाच्या वेशीवर होती. नवरा मुलीला घेऊन ती शक्य तितकी वर आणायला गेला आणि आम्ही दोघी एका दाराच्या सावलीत पायरीवर बसलो. सगळं गाव दुपारचं मिटलेलं. एक माणूस नाही, एक आवाज नाही.

त्यांच्या कपाळावर घाम होता. ऊन होतं, मला काही वाटलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून अगदी अदबीने विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"काय म्हणालात, आई?"

"नाही, म्हटलं इकडच्याच का तुम्ही?" आणि परक्या बाईकडे पाहून हसावं तसं त्या हसल्या.

मी त्यांचा हात धरला तर तो बर्फासारखा आणि थरथरत होता. नवऱ्याला फोन लावला, उचलेना. ॲम्ब्युलन्ससाठी मला फक्त सिंगापूरचा ९९५ आठवत होता. लॅमिनेट केलेल्या कागदाच्या चारही प्रती आम्ही उतरलो होतो त्या अपार्टमेंटच्या टेबलावर होत्या. मी शेजारचं दार बडवलं, त्याच्या पुढचं बडवलं, मराठीत ओरडले. मागे पाहिलं तर त्या भिंतीवर कलंडत होत्या.

धावत येऊन मी त्यांची पर्स उघडली. एखादी लिमलेटची गोळी, चॉकलेट, काहीतरी गोड असेल म्हणून. आत कागदी रुमालात गुंडाळलेले दोन टोस्ट होते, टोमॅटोसकट.

तेव्हा मला सगळं कळलं. फळं खाल्ली असती तर मी उपास ओळखला असता, म्हणून त्यांनी सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं. आणि त्या रिकाम्या पोटी गोळी मी दिली होती. समोर उभी राहून गिळायला लावली होती.

काकवीच्या बाटलीचं झाकण निघेना. दातांनी ओढून काढलं. बोट बुडवलं आणि त्यांच्या हिरड्यांवर चोळलं, एकदा, दोनदा, किती वेळा कोण जाणे. "आई, चाटा. गिळा, आई. माझं ऐका ना." वरची एक खिडकी उघडली, मग एक म्हातारी पाण्याचा ग्लास घेऊन खाली आली आणि तिने न विचारता सासूबाईंना मागून आधार दिला. त्यांचे डोळे उघडे होते पण त्यात मी नव्हते. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. त्या जातील, मी मारलं त्यांना, आणि मुलगी आत्ता उड्या मारत पायऱ्या चढून येईल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

हळूहळू त्यांची जीभ हलली. त्यांनी ओठ चाटले. पाण्यात कालवून दिलेली काकवी त्या घोट घोट प्यायला लागल्या. पंधरा मिनिटं गेली असतील, जास्तही असतील. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी ओळखून पाहिलं.

"उपास मोडला वाटतं माझा," त्या म्हणाल्या.

"गोळी मी दिली होती, आई!" मी ओरडलेच. "माझ्या हाताने! का नाही सांगितलंत? काय झालं असतं, कळतंय का तुम्हाला?" हात चिकट होते आणि मी त्या अनोळखी म्हातारीसमोर हुंदके देऊन रडत होते.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं.

"तू रागावशील म्हणून लपवलं गं," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी एवढी घाबरशील असं नव्हतं वाटलं मला."

आम्ही अकरा वर्षं एका घरात राहत होतो.