परशुरामकाकाची हरकत

आमच्या खालच्या वाडीत देवापुढे गाऱ्हाणं घालावं ते परशुरामकाकानेच. गावाच्या चारी सीमा, त्यांवरचे दगड, वड, ओढे, सगळ्यांची नावं घेत तो देवाला साकडं घालतो आणि मागून आम्ही ओरडतो, "व्हय म्हाराजा!" एरवी सरकारी माणूस दिसला की त्याची बोबडी वळते.

यंदा ग्रामपंचायतीचे प्रभाग नव्याने पाडले आणि आमच्या वाडीचे दोन तुकडे झाले. कुणा शहाण्याने मंगेशच्या बागेतला पाट ओढा समजून त्यावरूनच हद्द मारली! मथुराकाकी, म्हणजे काकाची बायको, मेंबरकीला दोनदा पडलेली. वाडीची एकगठ्ठा मतं फुटली तर तिसऱ्यांदाही पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

काकाच्या नावाने हरकत गेली. सुनावणीला आम्ही पंधरा जण. घाटावरचे साहेब म्हणाले, "बोला." काकाच्या तोंडून शब्द फुटेना. मग त्याने एकाएकी चपला काढल्या, हात जोडले आणि खणखणीत सुरुवात केली, "बा म्हाराजा! आज जी काय ही लेकरां तुज्यासमोर उबी ऱ्हवली आसत..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. सवयच ती! साहेबांच्या हातातला चहा सांडला.

पण काका आता सुटला होता. "दक्षिणेक फणसाचो व्हाळ, त्याच्या अलीकडली सगळी वाडी एक! मंगेशाच्या बापाशीन खणलेलो पाट म्हणजे व्हाळ न्हय रे म्हाराजा! ही चूक दूर कर!"

"व्हय म्हाराजा!"

"ओढ्याचं नाव पुन्हा सांगा," साहेब हसू दाबत म्हणाले. गाऱ्हाणं मधूनच थोडंच सुरू करता येतं? काकाने ते पहिल्यापासून घातलं. या खेपेला शिपायाचाही आवाज आमच्यात मिसळला.

अंतिम नकाशात हद्द फणसाच्या व्हाळावर गेली. आम्ही नाचतच काकाकडे पोचलो, तर काकी पदर खोचून दारात उभी. काकाने चार वर्षांपूर्वी नवं घर बांधलं ते व्हाळाच्या पलीकडे, आणि गाऱ्हाण्यातली सीमा आजोबांच्या वेळची!

"सगळ्या वाडीक आत घेतलात, आणि बायलेक भायर?"

काकीला वाडीच्या प्रभागातून उभं राहता येत होतं, पण तिचं स्वतःचं आणि काकाचं मत गेलं शेजारच्या प्रभागात. मतदानापर्यंत काका धड जेवला नाही.

काकी नऊ मतांनी निवडून आली! मला तर रडूच आलं. गुलालाने माखलेला काका तिला म्हणाला, "आपल्या घराकडचो व्हाळावरचो साकव मोडलो आसा. पयलो तो नीट करून घे गो."

"तुमी माझ्या प्रभागातले न्हय," काकी म्हणाली. "तुमच्या मेंबराक सांगा."