शमाल, जनूब आणि एक भट्टी

उमरा (मक्केची यात्रा) आटोपून अम्मी जेद्दाला मामीकडे विसावली आणि मी तिथल्या शराफिया वस्तीतून मामूंच्या पिकअपमध्ये बसून येमेनच्या सीमेजवळच्या जिझानला निघालो. मामू मूळचे रत्नागिरीचे. गेली वीस वर्षं ते गाड्यांचे सुटे भाग दक्षिणेकडच्या दुकानांना पोहोचवतात.

उजव्या हाताला तांबडा समुद्र. नाव तांबडा, पण पाणी आमच्या मिरकरवाडा बंदरातल्या पाण्यापेक्षा निळं. डावीकडे वाळू, मग काळे डोंगर. मामूंनी खजुराची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"काय लिहितोयस वहीत? इथेपण पत्रकं वाटणार काय?"

"नाही हो मामू. प्रवासवर्णन."

"तुझ्या अब्बाने जग बदलायला काढलं, मी टायर बदलतो. दोघांचे हात काळेच."

खरं होतं. आमच्या घरात अब्बांचं छपाईयंत्र चुलीच्या पलीकडे होतं. बाराखडीच्या आधी मी त्यांच्या पत्रकांचे मथळे वाचायला शिकलो. 'गप्प राहणं म्हणजे अन्यायाची बाजू घेणं' हा त्यातलाच एक. मी तो इतक्या वेळा वाटला होता की तो माझाच वाटायचा.

जिझान जवळ आलं तशी हवा दमट झाली. जोंधळ्याची शेतं दिसली, चक्क आंब्याची झाडं दिसली. मी ओरडलोच. मामू म्हणाले, "खाऊन बघ आणि मग ओरड. हापूस नाही तो."

दुपारी त्यांनी गाडी एका टपरीवजा खानावळीशी थांबवली. आत कमरेइतकी उंच मौफा (जमिनीत रोवलेली मातीची भट्टी) धगधगत होती. तिच्यापाशी दोन येमेनी. अवद हा एडनचा, माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठा, सडपातळ. तो मासा पाठीकडून चिरून वहीसारखा उघडायचा, तिखट चोळायचा आणि भट्टीत सोडायचा. यह्या हा इब्बच्या डोंगराकडचा, पांढऱ्या दाढीचा. तो गोल उशीवर पीठ थापून ती उशी भट्टीच्या भिंतीवर आपटायचा. खुब्ज (रोटी) भिंतीला चिकटून फुगायची. एक वाकला की दुसरा मागे सरायचा. मामू म्हणाले, अकरा वर्षं दोघं इथे एकत्र आहेत, कुणाचा हात भाजलेला नाही.

"एडन म्हणजे जनूब (दक्षिण) आणि इब्ब म्हणजे शमाल (उत्तर) ना?" मी मामूंना विचारलं. येमेनचे एकेकाळी दोन देश होते. मग एक झाले, मग आपसांत लढले, आणि ती लढाई नवनवी रूपं घेत आजही संपलेली नाही, इतकं मी वाचलेलं होतं.

मामूंनी आवाज खाली आणला. "हां. पण तो विषय इथे काढायचा नाही. बघ, टीव्हीवर फक्त फुटबॉल लावतात. घरचा फोन आला की ज्याचा त्याने रस्त्यापलीकडे जाऊन बोलायचा. कफीलने (त्यांच्या परवान्याच्या मालकाने) बजावलंय, मुलखाचं भांडण जो दुकानात आणील त्याचा इकामा (राहण्याचा परवाना) खलास. मग जायचं कुठे? त्या लढाईतच ना?"

मासा आला. बांगड्याच्या जातीचा असावा, पण ताटभर मोठा. यह्याने ताज्या खुब्जचा तुकडा स्वतः माझ्या हातात दिला आणि हसून म्हणाला, "हिंदी, कुल! (हिंदुस्तानी, खा!)"

मी खाल्लं. आणि खाता खाता मला त्या शांततेचा राग आला. इतका मोठा अन्याय, आणि दोघं फुटबॉल बघतात? मामू हात धुवायला गेले तेव्हा मी फोनच्या भाषांतरात लिहिलं, 'तुम्हा दोघांपैकी कुणाची बाजू न्यायाची आहे?' आणि पडदा दोघांसमोर धरला.

यह्याने हात हलवून तो बाजूला सारला. मी पुन्हा पुढे केला. अवदने वाचलं. त्याने काहीतरी हळू म्हटलं. यह्याने एका शब्दात उत्तर दिलं. मग अवदचा आवाज चढला, यह्याची उशी जमिनीवर पडली. मामू ओल्या हातांनी धावत आले.

"काय केलंस रे तू?"

"फक्त विचारलं."

"अवदचा भाचा एडनमध्ये मेला. यह्याचा भाऊ समोरच्या फौजेत होता. दोघांना सगळं ठाऊक आहे. अकरा वर्षं ठाऊक आहे!"

तेवढ्यात शेजारच्या दुकानातून कफील आला. म्हातारा, शांत. त्याने एकच प्रश्न विचारला, तो मला भाषांतराविना कळला. सुरुवात कुणी केली?

अवद भट्टीकडे बघत राहिला. यह्याने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली वाकून उशी उचलली आणि म्हणाला, "अना (मी)."

फोन माझ्या हातात होता. प्रश्न अजून पडद्यावर होता. मामूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि पुटपुटले, "तू पाहुणा आहेस, मला इथे राहायचंय." हात हलकाच होता. सोडवता आला असता. मी सोडवला नाही.

तीन दिवसांनी परतताना आम्ही तिथेच थांबलो. मासा तसाच चविष्ट होता. खुब्ज मात्र प्लॅस्टिकच्या पाकिटातली होती. यह्याची उशी भट्टीशेजारी खिळ्याला टांगलेली होती. अवद तिला धक्का न लावता वाकत होता, आणि वाकताना सवयीने डावीकडे जागा सोडत होता.

मामूंनी यह्याबद्दल विचारलं. अवदने माझा फोन मागितला आणि त्यात लिहिलं. मराठीत उमटलं, 'काल त्यांनी यह्याला सीमेवर सोडलं. तो खोटं बोलला आणि मी बोलू दिलं.' फोन परत देताना त्याने माझ्याकडे पाहिलं. माफ केल्यासारखं नाही, आणि रागानेही नाही. आपल्यातलाच एक असल्यासारखं.

जेद्दापर्यंत खजुराची पिशवी आमच्यामध्ये तशीच पडून होती.

घरी आल्यावर अब्बांनी विचारलं, "तिकडच्या लढाईवर काही लिहिलंस?" मी हा मजकूर दिला. त्यांनी तो यंत्रापाशी उभ्यानेच वाचला आणि विचारलं, "मथळा?" आमच्या पत्रकांना मथळा नेहमी मीच सुचवतो. या वेळी मी यह्याचं नाव सांगितलं. अब्बा म्हणाले, त्याच्या जिवाला धोका होईल, नाव बदल. मी मथळाही बदलला आणि नावही. वर यह्या छापलंय ते त्याचं खरं नाव नाही.